वर्तमानपत्र बंद करण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळात येणारे वर्तमानपत्र बंद करावे, मोबाईलवर बातम्या फुकट मिळतात, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना काटकसरीची आहे, म्हणून तिचा राग नाही. परंतु निर्भय वर्तमानपत्रासाठी लोकांनी काय सोसले, ते ऐकावे आणि मग ठरवावे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, १९४७ साली देश स्वतंत्र झाला. आपले भूम मात्र निजामाच्या राज्यातच राहिले. त्या राज्यात आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी आली, की ते दुसऱ्या नावाने पत्र काढीत. हैदराबादेत शोएबुल्लाखान हे तरुण संपादक 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवीत. इमरोज म्हणजे आज. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना रझाकारांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यांचा हात तोडला. २२ ऑगस्टला ते गेले. पुढे महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, आपण मुक्त झालो. रझाकारांविरुद्ध लिहून प्राण देणारा हा संपादक मुसलमान होता, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

स्वराज्यात तलवारीचे भय गेले, तरी पैशाची अडचण राहिली. किती किमतीला किती पाने द्यावीत, हे ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने सरकारला मिळाला आणि १९६० साली तसा हुकूम निघाला. लहान पत्रांना मोठ्यांच्या चढाओढीपासून वाचवावयाचे, असे सरकारचे म्हणणे होते. पुण्याचा 'सकाळ' तेव्हा सात नये पैशांना मिळे, आणि रविवार सोडून आठवड्याला ३४ पाने देई. हुकुमाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच देता येत. पाने राखावीत तर किंमत वाढणार आणि गरीब वाचक तुटणार. भाव तोच ठेवून माप लहान केले, तर ती महागाईच, हे आपणा बायकांना कोणी शिकवायला नको. 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्या वाचकांनीही अर्ज केले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी कोर्टाने तो कायदा व हुकूम घटनाबाह्य ठरविला. पाने आणि खप यांवर बंधन म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच बंधन, असा तो निकाल होता.

मला यातून एवढेच कळते, की फुकटच्या बातमीचेही पैसे कोणीतरी भरतोच. जाहिरातदाराने भरले तर त्याची मर्जी सांभाळावी लागते, पुढाऱ्याने भरले तर त्याची. वाचकाने भरले, तरच संपादकाला आपल्या टंचाईविषयी आणि रस्त्याविषयी स्पष्ट लिहिण्याचे बळ येते. पैसे घेऊनही तो गप्प बसला, तर पत्र लिहून जाब विचारावा. जरूर तर पत्र बदलावे. पण वाचणेच सोडू नये.

म्हणून माझी विनंती अशी: वर्गणी चालू ठेवावी. तिचा भार सगळ्याजणींनी वाटून घ्यावा, आणि दर गुरुवारी एकीने मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही लाभ होईल.