ओवणे आणि धुणे
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरीही रसायनशास्त्रातील एक विषय आपणांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. त्याचे कारण शेवटी निवेदन करू.

अमिनो आम्ले मण्यांप्रमाणे एकापुढे एक ओवली म्हणजे पेप्टाइड तयार होते. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या औषधाच्या माळेत असे ३१ मणी असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली अशा माळा गुंफण्याची एक सुलभ रीत प्रसिद्ध केली. पहिला मणी राळेच्या बारीक कणाला बांधावयाचा, पुढचे त्यावर जोडीत जावयाचे आणि प्रत्येक जोडणीनंतर उरलेसुरले द्रव्य धुऊन टाकावयाचे. या कार्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु या रीतीत ओवण्यापेक्षा धुणेच अधिक! धुण्यात हयगय केली, तर मागे राहिलेला मणी भलत्याच जागी जाऊन बसतो. प्रत्येक जोडणी शंभरांत ९९ वेळा साधली, तरी ३० जोडण्यांअंती सुमारे ७४ माळाच निर्दोष उरतात. ९५ वेळा साधली तर अवघ्या २१. शिवाय हे धुणे पाण्याने होत नाही. त्यास बहुधा डायमिथिल फॉर्मामाइड हा सेंद्रिय द्रावक लागतो. तो गर्भास अपायकारक असल्याने युरोपीय संघाने २०२३ च्या डिसेंबरपासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत.

यावर एक उपाय गाळण्याचा आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अँड्र्यू लिव्हिंग्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी राळ सोडून दिली व माळेचे टोक पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब रेणूस बांधले. त्यामुळे माळ द्रावकात विरघळलेलीच राहते, पण आकाराने मोठी होते. हे द्रावण दाबाखाली सूक्ष्म छिद्रांच्या पटलावरून नेले, की लहान रेणू पार होतात आणि माळ अलीकडे राहते. घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातही पटलच असते. मात्र साधे प्लास्टिक अशा द्रावकात फुगते वा विरघळते. म्हणून येथे सिरॅमिकचे, किंवा रेणू एकमेकांस घट्ट सांधलेल्या पॉलिइमाइडचे पटल लागते.

ही रीत निर्दोष आहे असे मात्र नव्हे. प्रत्येक धुण्यात थोडी माळही निसटते, आणि तीस वेळा थोडे थोडे निसटले म्हणजे नुकसान मोठे होते. गाळण्यासाठीही द्रावक पुष्कळ खर्ची पडतो. तोच दुसऱ्या पटलातून शुद्ध करून पुन्हा वापरावा, असेही प्रयत्न झाले आहेत.

आता आमचे कारण. काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतील एका विद्यार्थिनीने रसायनशास्त्राच्या पदवीसाठी मंडळाकडे शिष्यवृत्ती मागितली होती. ‘वैद्यकी व अभियांत्रिकीलाच द्यावी’ असा शेरा मारून अर्ज परत गेला. त्या शेऱ्याखाली आमचीही सही होती. शिकवण्या घेऊन ती शिकली आणि आज औषधांच्या एका प्रयोगशाळेत याच पटलांवर काम करते. गेल्या दिवाळीत नमस्कारास आली असता तिनेच आम्हांस हे सारे समजावून दिले. त्या अर्जाविषयी तिने चकार शब्द काढला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

औषध शोधणाऱ्याचा गौरव जग करते. ते निर्मळ करणाऱ्याची आठवण सहसा कोणास होत नाही. आपल्या मंडळाने तरी ती ठेवावी. म्हणून आमची नम्र विनंती अशी, की पुढील वर्षापासून निदान एक शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी. तिच्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच मंडळाकडे सुपूर्द करीत आहोत.