आपण जिंकलो, तो हरला!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

क्रिकेट खेळायला मैदान लागते, बॅट-बॉल लागतो, अकरा गडी लागतात. क्रिकेटवर वाद घालायला मात्र अर्धा कप चहा पुरतो. आमच्या जालन्यात मोंढ्यातला हमाल आणि कोर्टातला वकील एरवी एका बाकावर बसायचे नाहीत; पण आदल्या रात्री भारताचा सामना झाला असेल तर बसतात. कप्तानाने नाणेफेक जिंकून काय घ्यायला हवे होते, शेवटचे षटक कोणाला द्यायला हवे होते, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते.

मी कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे अशा वादात माझे लक्ष धावांपेक्षा शब्दांकडे जास्त जाते. मराठीने आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द दिले आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. आमच्या घरच्या दखनी बोलीतही ‘अपन’ आहेच. सामना जिंकला की सगळे म्हणतात, ‘आपण जिंकलो.’ हरला की तेच लोक म्हणतात, ‘त्याने घालवली!’ एका रात्रीत सर्वनाम बदलते. ‘आपण’मधून एक माणूस अलगद बाहेर काढला जातो आणि सगळा पराभव त्याच्या डोक्यावर ठेवला जातो.

जालनेकरांना हे मी वेगळे सांगायला नको. ‘जालना सोने का पालना’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. या पाळण्यातला एक मुलगा, विजय झोल, २०११ साली सगळ्या देशाच्या क्रीडापानावर झळकला. कूचबिहार करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून खेळताना त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि मग त्या संघाचा कप्तान झाला. जानेवारी २०१४ मध्ये शारजात युवा आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवले, त्या दिवशी विजय झोल आणि संजू सॅमसन या दोघांनीही शतके ठोकली. सोने का पालना म्हणतात ते यालाच, असे त्या दिवशी शहरातल्या प्रत्येकाला वाटले. ‘आपण जिंकलो’ हे वाक्य त्या आठवड्यात मी किती जणांच्या तोंडून ऐकले याची मोजदाद नाही.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, संयुक्त अरब अमिरातीत युवा विश्वचषक झाला. गतविजेता भारत उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. लगेच बाकावर दोन तट पडले. एक म्हणे, कप्तानीच्या ओझ्याने फलंदाजी दबली. दुसरा म्हणे, एवढे गुणी गडी हाताशी असताना विश्वचषक यायलाच हवा होता. गुणी गडी होते, यात शंका नाही. त्या संघातले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सरफराज खान पुढे भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचले. पण दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीतच धरली होती, ती ही की अकरा जणांच्या खेळाचा हिशेब एकाच्या नावावर लिहायचा. ४५१ या आकड्याने आपल्याला वेड लावले होते. त्यानंतरची प्रत्येक खेळी आपण त्याच मापाने मोजत राहिलो. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर आपण आख्ख्या जिल्ह्याची हौस लादली, आणि वर विचारले, हा वाकून का चालतो?

आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विश्वविक्रम हाकेच्या अंतरावर होता. इतक्यात प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. एवढ्या मोठ्या आकड्यालाही दैवाची आणि इतरांची साथ लागतेच.

आता छोट्या आकड्याचे उदाहरण घेऊ. आपल्या शेजारच्या बीडचे संजय बांगर. २००२ सालच्या ऑगस्टमध्ये हेडिंग्ले कसोटीत ते सलामीला उतरले. ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी, इंग्लंडचे गोलंदाज जोशात. बांगरांनी २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या आणि द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी रचली. पुढे द्रविडने १४८, तेंडुलकरने १९३, गांगुलीने १२८ केल्या आणि भारताने डावाने सामना जिंकला. शतके तीन झाली, म्हणून लक्षातही तीनच नावे राहिली. पण चेंडूची लकाकी जाईपर्यंत कोणी तरी उभे राहायला हवे होते, ते बीडचा माणूस राहिला. बाकावर बसून या ६८ ची किंमत कशी करायची?

याच बांगरांची पहिली कसोटी डिसेंबर २००१ मधली, मोहालीची. त्याच सामन्यात तेव्हाच्या औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी याचेही पदार्पण झाले. विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या होत्या. गोलंदाज असलेल्या इक्बालला सलामीला धाडले आणि त्याने त्या काढल्या. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. मराठवाड्यातली दोन पोरे एकाच दिवशी भारताची टोपी घालतात, ही गोष्ट आपण मुलांना किती वेळा सांगतो?

‘आपण’मधून माणूस काढून टाकण्याचा खेळ कधी कधी फार कडवट होतो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. दहा गडी राखून म्हणजे भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही. तरी शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला, आणि त्या त्याच्या गोलंदाजीला नव्हत्या, नावाला होत्या. माझेही नाव त्याच तऱ्हेचे असल्याने त्या रात्री मला झोप लागली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. कप्तान विराट कोहली जाहीरपणे शमीच्या पाठीशी उभा राहिला. दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात शमीने न्यूझीलंडचे सात गडी बाद केले. तेव्हा तो पुन्हा सगळ्यांचा ‘आपला शमी’ झाला. मला आनंद झाला; पण मनात आले, सात बळी घेतले तरच ‘आपला’ का?

अपेक्षा ठेवू नये, असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याच्यावर प्रेम तरी कसले? वादही घालावा, वादाशिवाय क्रिकेटला चव नाही. फक्त हिशेब पुरा करावा. त्याने किती केल्या हे विचारताना समोर कोण होते, खेळपट्टी कशी होती, दुसऱ्या टोकाला कोण उभे होते, हेही विचारावे. आणि जमले तर एक प्रश्न स्वतःला करावा: आपल्या गल्लीतल्या पोरांना खेळायला जागा आहे का? गावाने मैदान द्यायचे नाही आणि मुलाकडे विश्वचषक मागायचा, हा कुठला न्याय?

उद्या-परवा एखादा सामना हरला जाईलच, खेळ म्हटला की हे चालायचेच. त्या सकाळी चहाच्या बाकावर कोणी तरी पहिल्यांदा म्हणावे, ‘काल आपण हरलो.’ मग खुशाल भांडावे.