दवंडी, टेलिफोन आणि रोजकीर्द



गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी आम्ही चार दिवस तोरणमाळला राहिलो होतो. शहाद्याहून निघालेला रस्ता घाट चढू लागला की सातपुड्याची गार हवा लागते. आणि त्याच सुमारास खिशातल्या फोनचा जगाशी असलेला संबंध कधी जुळतो, कधी तुटतो. यशवंत तलावाच्या काठी बसून आम्ही मराठी विकिपीडियावरील तोरणमाळचा लेख उघडू पाहिला. निम्मा उघडला आणि थांबला. तेव्हा मनात प्रश्न आला, तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. या लेखात कोणी दूर बसून चुकीची ओळ घातली, तर ती चूक सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात येईल? अर्थात येथल्या माणसाच्या. पण बदल झाल्याची वर्दी त्याला मिळणार कशी?

विकिपीडिया 2001 साली सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया 2003 साली. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे, ही त्याची रीत. असे उघडे घर चालते ते राखणदारांवर. प्रत्येक बदलाची नोंद होते. ती नोंद राखणदारांपर्यंत आणि त्यांना मदत करणाऱ्या संगणक-कार्यक्रमांपर्यंत तात्काळ पोहोचली, तर खोडसाळपणा काही क्षणांत निस्तरता येतो. मात्र ती पोहोचवण्यासाठी दोन्ही यंत्रांमध्ये बोलण्याची एक ठरलेली रीत लागते. तिलाच प्रोटोकॉल म्हणतात. ही रीत निवडताना विकिपीडियाच्या चालकांनी आजवर तीन वाटा चोखाळल्या.

पहिली वाट दवंडीची. 1988 साली फिनलंडमध्ये आयआरसी नावाची गप्पागोष्टींची व्यवस्था निघाली होती. तिच्यात प्रत्येक भाषेच्या विकिपीडियासाठी एकेक चौक ठेवला आणि बदल झाला की त्या चौकात एक ओळ पुकारली जाई. सोय साधी होती आणि पुष्कळ वर्षे चालली. पण दवंडीचे दोष तिच्यात होतेच. जो चौकात हजर, त्यानेच ऐकावे. जो क्षणभर बाजूला गेला, त्याचे हुकले ते हुकलेच. शिवाय ती ओळ माणसाने वाचावी अशा घाटाची. तिच्यातून लेखाचे नाव कोणते आणि संपादकाचे कोणते, हे यंत्राला अदमासाने वेगळे काढावे लागे.

आणखी एक अडचण मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. आयआरसीची एक ओळ 512 बाइटांच्या आत बसवावी लागते. रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, तीन बाइट लागतात. इंग्रजीत तोरणमाळ लिहिले तर आठ बाइट. मराठीत सात चिन्हांचे एकवीस! म्हणजे इंग्रजीत जे पुरते बोलता येई, ते मराठीत मध्येच तुटण्याचा संभव कितीतरी अधिक. कोणी हेतुपुरस्सर असे केले नव्हते. पण माप ज्याने ठरवले त्याची लिपी वेगळी होती, एवढे खरे.

दुसरी वाट टेलिफोनची. वेबसॉकेट ही रीत 2011 साली प्रमाण ठरली. तिच्यात तार जोडलेली राहते आणि दोन्ही बाजूंनी बोलता येते. या रीतीवर उभारलेल्या सेवेत ऐकणारा सांगू शके, ‘मला फक्त मराठीचे सांगा’. आणि नोंदीही यंत्राला समजतील अशा नीट खानेवार येत. पण विचार करा, राखणदाराला बोलायचे कुठे असते? त्याला ऐकायचे असते. त्यातून तार तुटली तर मधल्या वेळात काय झाले, हे सांगण्याची सोय त्या सेवेत नव्हती. 2017 साली ती बंद झाली.

त्याच वर्षी तिसरी वाट सुरू झाली. तिला आम्ही रोजकीर्दीची वाट म्हणू. प्रत्येक बदल आधी एका वहीत क्रमाने उतरतो; ही वही काफ्का नावाच्या प्रणालीत ठेवलेली असते. तिथून नोंदी साध्या एचटीटीपीच्या रस्त्याने, म्हणजे वेबपाने ज्या रस्त्याने येतात त्याच रस्त्याने, एकतर्फी वाहतात. या रीतीचे नाव सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. प्रत्येक नोंदीबरोबर तिचे ठिकाण सांगणारी खूण येते. मासिकाचा वर्गणीदार जसा व्यवस्थापकांना कळवतो, ‘चैत्राचा अंक पोहोचला, पुढचे पाठवावेत’, तसेच तुटलेला श्रोता परत येऊन शेवटची खूण सांगतो आणि तिथून पुढचे सारे त्याला मिळते. वहीत मागच्या काही दिवसांपुरत्या नोंदी राहतात, तेवढ्यापुरती ही हमी.

गंमत अशी की, येथे दर पंधरा मिनिटांनी चालकांचे यंत्र स्वतःच तार तोडते आणि श्रोत्याने पुन्हा जोडून घ्यावे अशी अपेक्षा ठेवते. तुटणे हा अपघात न मानता नित्याचा व्यवहार मानला, यातच या निवडीचे शहाणपण आहे, असे आम्हांस वाटते. घाटात तार तुटणाऱ्याला आणि महानगरात बसलेल्याला येथे एकच न्याय मिळतो.

परंतु न्याय पुरा झाला असे मात्र नाही. ही रोजकीर्द देताना चाळणी हरवली. पहिल्या दोन वाटांवर एकट्या मराठीचे मागता येई. येथे सर्व भाषांचे बदल एकत्र वाहतात आणि आपले तेवढे ऐकणाऱ्यानेच निवडून घ्यायचे. ज्याची वाहिनी रुंद आहे त्याला याचे काही वाटत नाही. तोरणमाळच्या माणसाने मात्र मराठीचा एक थेंब मिळवण्यासाठी साऱ्या जगाची नदी घाटावर ओढून आणायची काय?

मग त्याने करावे काय? आमचे उत्तर साधे आहे. त्याने प्रवाहाला जोडूनच घेऊ नये. विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ यादीत साधारण महिन्याभराच्या नोंदी असतात. यंत्राने तार मिळेल तेव्हा तिला विचारावे, ‘अमुक वेळेनंतर मराठीत काय झाले?’ उत्तर थोडके येते आणि पुरते. वर्दी तासाभराने कळेल, पण कळेल. अधिक तातडी असेल तर नंदुरबार किंवा नाशिकसारख्या शहरात एक यंत्र ठेवावे. त्याने सारा प्रवाह ऐकावा, चाळावा, आणि सातपुड्यातल्या गावांविषयीच्या तेवढ्या नोंदी वर पाठवाव्यात.

उलट, दोघे जण एकाच मजकुरावर एकाच वेळी लिहिणार असतील, तर टेलिफोनचीच रीत हवी; तेथे दोन्ही बाजूंनी बोलणे अखंड चालते. तात्पर्य, कोणती रीत नवी आणि कोणती वेगवान, हा प्रश्न दुय्यम आहे. कोण ऐकणार, त्याला बोलायचे आहे काय, आणि तो मध्येच सुटला तर त्याचे काय होते, हे तीन प्रश्न पहिले. त्यांतही आम्ही तिसरा वर ठेवू. कारण सुटतो तो बहुधा दूरचा, डोंगरातला, थोडक्या साधनांचा माणूस असतो. आणि त्याच्या गावाविषयी खरे काय, हे सांगण्याचा पहिला अधिकारही त्याचाच असतो.