निर्वासितांची निवड व आपला न्याय
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त देवाचे उपकार मानण्यास आपण येथें जमलों आहोंत. अशा आनंदाच्या प्रसंगीं निर्वासितांचा विषय आम्ही कां काढावा, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या पवित्र कुटुंबाची तसबीर आपण घरोघर लावतों, तें कुटुंबच हेरोदाच्या भयानें रातोरात मिसर देशांत पळालें होतें. तेव्हां हा विषय आपणांस परका नव्हे. त्यांतील एकच प्रश्न आज आम्ही आपणांपुढें ठेवितों. निर्वासित पुष्कळ आणि त्यांना कायमचे घेणाऱ्या देशांतील जागा थोड्या. तर कोणास घ्यावें व कोणास मागें ठेवावें, हें कोणत्या न्यायानें ठरवावें?

प्रथम आपल्या जवळचें उदाहरण घेऊं. कोल्हापूरनजीक वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बायका व मुलें अधिक, आणि बहुतेक सर्व आपल्याच कॅथलिक धर्माचे. वसाहत मोडण्याची वेळ आली तेव्हां ज्यांचा पति, पुत्र वा पिता ब्रिटिशांच्या बाजूनें पोलिश सैन्यांत लढला होता, त्यांस इंग्लंडची वाट मोकळी झाली. ज्यांस असें कोणी नव्हतें, त्यांतील पुष्कळांस पूर्व आफ्रिकेंतील दुसऱ्या छावण्यांत जावें लागलें. सैनिकांच्या कुटुंबांचा हक्क खराच होता. परंतु जिचें कोणीच उरलें नव्हतें, त्या बाईची गरज कमी होती काय?

त्याच सुमारास युरोपांतहि हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १९४७ पासून पुढील सुमारें साडेचार वर्षांत आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनें दहा लाखांहून अधिक लोकांस नव्या देशांत वसविलें. हें कार्य थोर होतें, यांत शंका नाहीं. तथापि निवड करणारे अधिकारी छावणींत येत, ते बहुधा आपल्या देशाची मजुरीची गरज मनांत धरून. बेल्जमला कोळशाच्या खाणींसाठीं पुरुष हवे होते. इंग्लंडला रुग्णालयांतील कामासाठीं तरुण मुली हव्या होत्या. कॅनडाला लांकूडतोडे व मोलकरणी हव्या होत्या. धडधाकट माणूस निघून जाई. म्हातारा, क्षयरोगी, आंधळा, पुष्कळ लेंकरांची विधवा मात्र छावणींतच राही. घरांत एकास क्षय निघाला म्हणजे त्याला मागें टाकावें, कीं सर्वांनींच अडकून पडावें, असा पेंच कुटुंबापुढें पडे.

अमेरिकेचें उदाहरण तर आपणां कॅथलिकांस विशेष बोधप्रद आहे. तेथें २५ जून १९४८ रोजीं विस्थापितांसंबंधीं कायदा झाला. २२ डिसेंबर १९४५ नंतर छावण्यांत पोहोंचलेल्यांस त्यानें बहुतांशीं वगळलें, व शेंकडा ३० जागा शेतीकाम करणारांसाठीं राखल्या. उशिरा आलेल्यांत यहुदी फार होते. हा कायदा यहुद्यांवर आणि पुष्कळ कॅथलिकांवरहि अन्याय करतो, असें अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यावर सही करतांनाच सांगितलें. १९५० सालीं तो सुधारण्यांत आला. आतां आपण स्वतःस विचारूं या: कॅथलिक वगळले गेले हें ऐकून आपलें मन जितकें दुखावतें, तितकेंच यहुदी वगळले गेले हें ऐकून दुखावतें काय? न दुखावल्यास आपणांस न्याय नको आहे. केवळ आपल्या माणसांसाठीं जागा हव्या आहेत. जखमी मनुष्यास उचलतांना शोमरोनी माणसानें त्याची जात विचारली नव्हती.

मागें राहिलेल्यांची आठवण ठेवणारेहि निघाले. नॉर्वेनें कांहीं आंधळ्या निर्वासितांस कुटुंबांसह आश्रय दिला. बेल्जममधील डोमिनिकन धर्मगुरु फादर जॉर्ज पीर यांनीं १९४९ पासून कोणासहि नको असलेल्या अशा लोकांसाठींच काम आरंभिलें. त्यांस वृद्धाश्रम व लहान गांवें वसवून दिलीं. १९५८ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आज संयुक्त राष्ट्रांचें निर्वासित कार्यालय गरजेवरून नांवें सुचवितें. छळ सोसलेले, औषधोपचाराची निकड असलेले, संकटांत असलेल्या स्त्रिया व मुलें, अशांस त्यांत अग्रस्थान आहे. परंतु जगांतील निर्वासितांपैकीं शेंकडा एकासहि वर्षाकांठीं अशी जागा मिळत नाहीं, आणि शेवटचा होकार घेणाऱ्या देशाचाच असतो.

कोणी म्हणेल, घरमालकानें पाहुणा निवडूं नये काय? किती जणांस घ्यावें, हें ठरविण्याचा अधिकार राज्यास आहे, हें आम्ही मानतों. राज्याची ऐपत अमर्याद नसते. परंतु जी थोडी जागा दयेच्या नांवानें दिली, तीं मजूरभरती होतां कामा नये. मजूर हवे असल्यास मजूर म्हणून बोलवावे. निर्वासिताची जागा ज्याचा जीव अधिक धोक्यांत आहे, त्याची असावी. नियम सर्वांस एक व उघड असावे. नाकारलेल्यास कारण कळावें व पुन्हां दाद मागतां यावी. कुटुंब तोडूं नये. आणि या वाटेवर एक पैसाहि कोणीं घेऊं नये. कारण जेथें चिठ्ठी विकत मिळते, तेथें सर्वांत गरीब माणूस सर्वांत मागें पडतो.

बंधुभगिनींनो, परदेशच्या सरकारांचे निर्णय आपल्या हातीं नाहींत. पण आपल्या धर्मग्रामांतहि मदतीसाठीं यादी होते, शाळेंत मोफत जागा दिल्या जातात. तेथें ओळखीचें नांव वर चढतें कीं गरजेचें, हें आपल्या हातीं आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशीं प्रभु आपणांस परक्याविषयीं विचारील; तो परका आपल्या किती उपयोगी पडला, हें विचारणार नाहीं. या ज्युबिली वर्षीं आपल्या प्रत्येक यादींत सर्वांत दुबळ्याचें नांव प्रथम यावें, अशी सुबुद्धि प्रभु येशू ख्रिस्त, पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या विनवणीनें आपणां सर्वांस देवो. आमेन.