ती कुणाची? वेताळ, मुंजा आणि 'न्यू मून'

(अंबाजोगाईतील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींच्या गावात रक्त पिणाऱ्या नायकावर बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. संयोजकांनीही पत्रिकेत 'किशोरवयीनांचे भावविश्व' असा सोवळ्यातला विषय छापलाय. मी मात्र सोवळं सोडून बोलणार आहे. मागच्या रांगांत अकरावी-बारावीच्या मुली बसल्यात, त्यातल्या बऱ्याच जणींनी 'न्यू मून' हा सिनेमा मोबाइलवर बघून संपवलेला असणार. त्यांनी दहा मिनिटं कळ काढावी. पुढच्या रांगांतल्या ज्येष्ठांना आधी गोष्ट सांगते.

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कादंबरी 2005 साली आली. तिचा पुढचा भाग 'न्यू मून' 2006 मध्ये आला आणि त्यावरचा सिनेमा नोव्हेंबर 2009 मध्ये. पहिल्या तीन दिवसांतच त्यानं एकट्या अमेरिकेत 14 कोटी डॉलरांच्या वर गल्ला जमवला. गोष्ट घडते वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या गावात. तिथं इतका पाऊस पडतो की आपल्या माणसाला हेवा वाटावा. त्या गावात बेला नावाची शाळकरी मुलगी आहे आणि तिच्या वर्गात एडवर्ड. हा एडवर्ड 1918 च्या फ्लूच्या साथीत मरायला टेकला होता. एका डॉक्टरनं त्याला चावून व्हॅम्पायर केलं आणि वाचवलं, म्हणजे जे काही वाचवणं त्याला म्हणायचं ते. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अजूनही सतराचाच आहे.

आता हा प्राणी आपल्याला नवा आहे का? मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर जाऊन बसतो, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलंच आहे. त्याचं वय तिथंच थांबतं आणि वासना राहते ती लग्नाची. एडवर्ड म्हणजे गोरापान, महागड्या गाडीतून फिरणारा मुंजाच! फरक इतकाच, की मेयरबाईंनी त्याला पिंपळावरून उतरवून शाळेच्या बाकावर बसवलं आणि तो भिववायच्या ऐवजी भुलवायला लागला. आपल्याकडं आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकानं 2024 मध्ये 'मुंज्या' केला, तो हिंदीत. त्यातला मुंज्या खरा देशी आहे. हट्टी आणि चिडका. ज्या मुलीवर जीव जडला तिच्याशी लग्न लावून द्या, एवढं एकच त्याला कळतं. मला तो एडवर्डपेक्षा प्रामाणिक वाटतो. थांबलेल्या वयाचं प्रेम खरं तर असंच दिसणार. पुढच्याच वर्षी दिवाळीला याच दिग्दर्शकानं 'थामा'मध्ये वेताळांची प्रेमकथा मांडली. म्हणजे परदेशी व्हॅम्पायर फिरून फिरून आपल्या वेताळापाशी आलाच. मराठी वाचकांना नारायण धारपांनी तो त्याआधीच दाखवला होता. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. पण धारपांचा रक्तपिपासू बघून कुणी मुलगी प्रेमात पडली असेल असं मला वाटत नाही.

'न्यू मून'ची सुरुवात बेलाच्या अठराव्या वाढदिवसानं होते. भेटवस्तूचा कागद सोडताना तिचं बोट कापतं, रक्ताचा थेंब दिसतो आणि एडवर्डच्या घरातला एक जण तिच्यावर झेपावतो. तेव्हा एडवर्ड ठरवतो की आपल्यापासून हिला धोका आहे, आपण निघून जायचं. तो तिला रानात नेतो, निर्णय ऐकवतो आणि जातो. ठरवलं त्यानं एकट्यानं आणि तिच्या भल्यासाठी. तिला विचारलं नाही.

यापुढं कादंबरीत जे आहे, ते पुस्तक हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पानं येतात आणि पानावर फक्त महिन्याचं नाव. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. बाकी पान कोरं. तिच्या आयुष्यात या चार महिन्यांत काहीच घडलं नाही, हे सांगायला लेखिकेनं एक वाक्यही खर्च केलेलं नाही. बाकी मेयरबाईंचं लेखन बेताचंच आहे, शब्दांचा पसारा फार. पण ही चार पानं मी त्यांच्या नावावर जमा धरते. आपल्याकडच्या शाळकरी प्रेमकथा बहुधा निरोपापाशी थांबतात. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त शिरोडकर गाव सोडून जाते आणि कादंबरी आवरती घेतली जाते. सुजय डहाकेंच्या सिनेमातही तेच. नंतरचे महिने कसे गेले, हे कुणी लिहीत नाही. 'न्यू मून' हा दुसरा भाग आहे म्हणून त्याला ते लिहावं लागलं.

सिनेमात कोरं पान दाखवता येत नाही. दिग्दर्शक क्रिस वाइट्झनं काय केलं, तर बेलाला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरवला. एक फेरी झाली की खिडकीबाहेरचा ऋतू बदललेला, महिन्याचं नाव बदललेलं. मुलगी जागची हललेली नाही. अख्ख्या सिनेमात मला पटलेली जागा तीच.

या महिन्यांची नावं बीड जिल्ह्यात वाचली की आणखी काहीतरी दिसतं. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडं ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरायला लागतात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, कुठल्याही तालुक्यात जा. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडं निघालेले संसार, वर भांडीकुंडी, त्यावर शेळी, त्यावर लेकरू. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेल्या पोरी. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. त्या गावांतलीही पानं कोरीच असतात. एखादी आठवीतली पोर आजीजवळ राहून दोन भावंडांचा स्वयंपाक करते, तिचे हे चार महिने कुठल्या कादंबरीत आहेत? बेलाच्या दुःखाची टिंगल करायला मी हे सांगत नाहीये. सोळा-सतराव्या वर्षीचं दुःख खरंच असतं, ते मोठ्यांना पोरकट दिसतं एवढंच.

आता गोष्टीतला दुसरा मुलगा. त्याचं नाव जेकब, क्विल्यूट या आदिवासी जमातीचा. ही जमात काल्पनिक नाही. फोर्क्सजवळ समुद्रकाठी ला पुश इथं ती राहते आणि आपले पूर्वज लांडग्यांपासून झाले अशी तिची जुनी कथा आहे. मेयरबाईंनी त्यावरून जेकबला थेट माणूस-लांडगा करून टाकलं. दुसऱ्याची दैवतकथा उचलायची आणि त्यातून आपला नायक उभा करायचा, याबद्दल त्यांना बरंच ऐकूनही घ्यावं लागलं. जेकबची भूमिका करणारा टेलर लॉटनर तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुस्तकातला जेकब या भागात एकदम आडदांड होतो, म्हणून निर्माते नट बदलायच्या विचारात होते. या पोरानं व्यायाम करकरून बारा-तेरा किलो वजन वाढवलं आणि भूमिका राखली. एडवर्ड मात्र कादंबरीत मधली शेकडो पानं गायब आहे, बेलाला फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. सिनेमावाल्यांना हे परवडणारं नव्हतं. पोस्टरवरचा नायक दोन तास दिसलाच नाही तर कसं? म्हणून त्यांनी त्याला धुरकट आकृती करून अधूनमधून हजर केलं. बेला जीव धोक्यात घालते तेव्हा तो दिसतो. मग तो दिसावा म्हणून ती मोटारसायकल बेफाम चालवते, कड्यावरून समुद्रात उडी टाकते. मागच्या रांगेतल्या मुलींनो, इथं मात्र माझं मेयरबाईंशी भांडण आहे. जिवावर उदार झालं की गेलेला माणूस दिसतो, हे शिकवणं बरं नव्हे.

सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या पोरींनी अंगावर बनियनी घातल्या होत्या. काहींवर 'टीम एडवर्ड', काहींवर 'टीम जेकब'. बेला कुणाची, यावर शाळाशाळांतून तट पडले. हा प्रश्न मी आधी कुठं ऐकलाय, ते आठवायला मला लांब जावं लागलं नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर शिवेवर गोदावरी आहे. राक्षसभुवनच्या काठानं वर वर गेलं की पैठण लागतं, म्हणजे जुनं प्रतिष्ठान. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' लिहिला, त्यातल्या वेतालकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा याच गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा. आपण त्याला उज्जैनचा विक्रम म्हणतो ते पुढचं. तो कृष्ण चतुर्दशीच्या रात्री, म्हणजे अमावास्येच्या आदल्या रात्री, स्मशानातल्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो.

त्यातली मंदारवतीची गोष्ट ऐका. तिला मागणी घालणारे तीन तरुण. निर्णय व्हायच्या आत ती तापानं मरते. एक जण तिच्या राखेवर झोपडी बांधून तिथंच निजतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र चोरून आणतो. तिघं परततात, मंत्र म्हटला जातो, मंदारवती उठून बसते आणि तिघांचं भांडण जुंपतं. वेताळ विचारतो, राजा, ती कुणाची? राजा म्हणतो, जिवंत करणारा तो बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेत तिच्याजवळ निजला तोच नवरा. निवाडा चोख आहे. राजा बोलला म्हणून वेताळ परत झाडावर. आणि मंदारवती? ती नुकतीच मरणातून उठलीय, शुद्धीवर आहे, समोर बसलीय. तिला कुणी विचारत नाही. वेताळाला सुचत नाही, राजाला सुचत नाही, सोमदेवालाही नाही.

याच कथांवरून रिचर्ड बर्टननं 1870 मध्ये लंडनात पुस्तक काढलं, 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटलेला होता आणि बोलताना ओठ वर गेला की दिसणारा बर्टनचा सुळा त्याच्या ध्यानात राहिला होता, तसं त्यानं लिहून ठेवलंय. यावरून ड्रॅक्युला पैठणचा होता असं मी म्हणणार नाही. उद्या कुणीतरी तसा फलक लावील!

मंदारवतीच्या आणि बेलाच्या मध्ये मला आपली अंबाजोगाईची देवी योगेश्वरी दिसते. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, अशी कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती पोरांना दाखवताना अजूनही ती सांगितली जाते. 'न्यू मून'चा शेवटही मुहूर्तावरच आहे. बेला मेली असं समजून एडवर्ड इटलीतल्या व्होल्टेरा गावी भर दुपारी उन्हात उभं राहून आपलं बिंग फोडायला आणि त्यापायी मरायला निघतो. घड्याळाचे टोले पडत असतात आणि बेला गर्दीतून धावत जाऊन त्याला गाठते. तिचा मुहूर्त चुकत नाही. योगेश्वरीचा चुकला. पण लग्न राहिलं म्हणून तिचं काय अडलं? ती खिडकीत बसून राहिली नाही. गाव तिच्या नावानं ओळखलं जातं आणि कोकणातली घराणी कुलदेवता म्हणून तिच्या पायाशी येतात.

बेला इटलीहून परतते. एडवर्ड तिला आपल्यासारखं करायला राजी होतो, पण अट घालतो. आधी माझ्याशी लग्न कर. सिनेमा या वाक्यावर संपतो आणि पडद्यावर बेला दचकते. मरून व्हॅम्पायर व्हायला जी एका पायावर तयार आहे, ती अठराव्या वर्षी लग्न म्हटल्यावर कचरते. तिच्या आईनं फार लवकर लग्न केलं होतं, ते मोडलं, ते तिनं पाहिलंय. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला यात गंमत वाटली असेल. आपल्या जिल्ह्यात 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास होता. ऊसतोडीची आगाऊ उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोर मागं एकटी ठेवायची तर जिवाला घोर. ही कारणं इथं बसलेल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या 44 जणींपैकी दचकायला सवड किती जणींना मिळाली?

शेवटी एकच प्रसंग सांगते. तो लग्नाच्या मागणीच्या थोडा आधी येतो. बेला एडवर्डच्या घरी जाते, त्याच्या सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवते आणि म्हणते, मला तुमच्यातली व्हायचंय, प्रत्येकानं आपलं मत सांगा. बैठक तिनं बोलावलीय, विषय तिचं आयुष्य आहे, आणि मत मागणारीही तीच. एडवर्ड नाही म्हणतो, त्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. बाकीचे एकेक करून हो म्हणतात. आणखी एकच नकार येतो, रोझलीचा. तिचा बेलावर राग आहे अशीच आपली तोवर समजूत असते. रोझलीला व्हॅम्पायर केलं गेलं तेव्हा तिला विचारलेलं नव्हतं. ती बेलाला एवढंच सांगते, की माझ्या वेळी माझ्या बाजूनं नाही म्हणणारं कुणीतरी असायला हवं होतं.