घराच्या सौद्यात तिसरा कशाला?



गावातलं घर कोणी हौसेनं विकत नाही. ज्वारी बुडालेली असते, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, पोरीचं लग्न तोंडावर असतं. ही घाई दलालाला लांबून कळते. बैलबाजारात हेडी उपरण्याखाली एकेकाची बोटं धरतो. दोन्हीकडचा भाव फक्त त्यालाच ठाऊक. घराच्या सौद्यातही तेच. विकणाऱ्याला एक आकडा, घेणाऱ्याला दुसरा.

हिशेब मांडू. पाच लाखांचं घर. दलाली दोन्हीकडून दोन-दोन टक्के धरली तर वीस हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे अडीच क्विंटल कापूस गेला. कशासाठी? एकाच गावातल्या दोघांची गाठ घालून द्यायला!

आपल्याला कागद कळत नाहीत, यावर दलालाचं पोट चालतं. तर कागदच समजून घेऊ.

पहिला कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून आधीचं खरेदीखत किंवा वाटणीपत्र मागा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी सुरू झाली. तुमच्या गावची झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा.

दुसरी गोष्ट वारसांची. घर बापजाद्यांचं असेल तर बहिणींचा हिस्सा आहे. भावांनी परस्पर विकलं, तर घेणारा पुढं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, आणि बहिणीला तिचा पैसाही द्या.

तिसरं, दुय्यम निबंधकाकडं मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या. सूची क्रमांक दोनमध्ये आधीचे व्यवहार सापडतात. बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का, तेही विचारा.

इसार चेकनं द्या. पावतीवर ठरलेली किंमत, मुदत आणि सौदा मोडला तर काय, हे लिहा. मग नोंदणी. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केली म्हणून घर नावावर होत नाही. १९०८ च्या कायद्यानं शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवावंच लागतं, तेही सह्या झाल्यापासून चार महिन्यांत. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. मुद्रांक शुल्क मात्र तुमची किंमत आणि सरकारी दर यांत जे जास्त, त्यावर. शेवटी ग्रामपंचायतीत फेरनोंद करून घ्या.

खरेदीखत लिहायला वकील जरूर लावा. तो कामाचे पैसे घेतो. भाव लपवण्याचे नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या घराचा नमुना ८ घेऊन यावं. नाव आणि क्षेत्र आपण मिळून ताडून पाहू. मेलेल्या आजोबाचं नाव अजून कितीजणांच्या उताऱ्यावर आहे, ते तिथंच कळेल. दुरुस्ती आज करा. अडचणीच्या दिवशी ती करायला सवड नसते, आणि दलाल नेमकी त्याच दिवसाची वाट पाहत बसलेला असतो.