लघुउद्योग आणि मोबाइल विपणन : दीक्षितपुऱ्याच्या निमित्ताने



जबलपूर शहराच्या जुन्या भागात दीक्षितपुरा नावाचा मोहल्ला आहे. जबलपूरचा मराठी भाषेशी असलेला संबंध जुना आहे. १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांताचा भाग राहिले. साहजिकच अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात स्थायिक झालेली आहेत. शहराची आजची एक औद्योगिक ओळख म्हणजे तयार कपडे, विशेषतः सलवार सूट. हा व्यवसाय मोठ्या गिरण्यांवर चालत नाही. लहान कारखाने आणि घराघरांतील शिवणयंत्रे यांवर तो उभा आहे. दीक्षितपुऱ्यासारख्या मोहल्ल्यात दहा यंत्रे चालविणाऱ्या एखाद्या उद्योजकाने हातातील मोबाइलचा उपयोग माल विकण्यासाठी कसा करावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. त्याचा गाभा मात्र अर्थशास्त्राचा आहे.

माहितीची किंमत

बाजारात वस्तूला जशी किंमत असते, तशी माहितीलाही असते. कोणता माल कोठे व कोणत्या भावाने मिळतो हे शोधण्यासाठी वेळ व पैसा खर्च होतो, हा विचार जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये मांडला. मोबाइलमुळे हा खर्च किती घटतो याचे उत्तम उदाहरण केरळचे आहे. १९९७ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्यावर मोबाइल सेवा पोहोचली. मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, बंदराबंदरांतील भावांची तफावत मोठ्या प्रमाणात कमी झाली, ग्राहक न मिळाल्याने मासळी फेकून देण्याचा प्रकार जवळजवळ थांबला, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला द्यावी लागणारी किंमत ४ टक्क्यांनी उतरली. दोन्ही पक्षांचा लाभ झाला, हे येथे महत्त्वाचे.

परंतु मासळी आणि सलवार सूट यांत फरक आहे. मासळीचा ताजेपणा बंदरावर डोळ्यांनी पारखता येतो. कापडाचा पोत, रंगाचा पक्केपणा आणि शिलाईची मजबुती मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. या विषमतेमुळे चांगल्या मालालाही हलक्या मालाचाच भाव मिळू लागतो आणि चांगला विक्रेता बाजारातून बाहेर पडतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. त्यांना २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा सन्मान विभागून मिळाला. मोबाइलने भाव कळविण्याचा प्रश्न सोडविला. दर्जाबद्दल खात्री पटविण्याचा प्रश्न शिल्लक राहिला. डिजिटल विपणनाचे खरे काम येथून सुरू होते.

प्राथमिक पायऱ्या

जाहिरात म्हणजे विपणन नव्हे. जाहिरात हा विपणनाचा एक भाग आहे. ग्राहकाची गरज ओळखणे, तिला अनुरूप माल तयार करणे, योग्य किंमत ठरविणे, माल पोहोचविणे आणि विक्रीनंतरही संबंध टिकविणे या सर्वांचा समावेश विपणनात होतो. लहान उद्योजकाच्या दृष्टीने त्याच्या चार पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी सापडण्याची. जुन्या मोहल्ल्यातील पत्ता परगावच्या माणसाला सांगून समजत नाही. इंटरनेटवरील नकाशावर दुकानाची अचूक जागा, वेळ, दूरध्वनी क्रमांक व छायाचित्र नोंदविणे हे काम विनामूल्य होते आणि बहुधा तेच दुर्लक्षित राहते.

दुसरी पायरी मालाच्या यादीची. दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र, कापडाचा प्रकार, इंचांत दिलेली मापे, सर्व करांसह किंमत आणि परतीच्या अटी ग्राहकाने विचारण्यापूर्वीच स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. २०१८ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेससारख्या सुविधांमुळे अशी यादी स्वतंत्र संकेतस्थळाशिवायही ठेवता येते.

तिसरी पायरी उत्तराची. विचारणा आल्यावर तत्पर व खरे उत्तर मिळाले, तर पडद्यापलीकडे जबाबदार माणूस आहे अशी ग्राहकाची खात्री पटते.

चौथी पायरी नोंदीची. कोणी काय घेतले, कोणते माप बसले, माल परत का आला, हे लिहून ठेवले नाही तर प्रत्येक ग्राहक पुन्हा नवाच ठरतो.

खर्चाचा ताळेबंद

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समाजमाध्यमावरील जाहिरातीसाठी २,००० रुपये खर्च केले. जाहिरात १०,००० लोकांना दिसली, २०० जणांनी ती उघडली आणि १० जणांनी सूट विकत घेतला. म्हणजे एक ग्राहक मिळविण्याचा खर्च २०० रुपये झाला. एका सुटावर नफा १५० रुपये असेल, तर पहिल्या विक्रीत ५० रुपयांचा तोटा आहे. मात्र तोच ग्राहक दोन वर्षांत चार सूट घेत असेल, तर नफा ६०० रुपये होतो आणि जाहिरातीचा खर्च वजा जाता ४०० रुपये उरतात. किती जणांनी जाहिरात पाहिली या आकड्याला म्हणूनच मर्यादित अर्थ आहे. किती ग्राहक परत आले, हा आकडा धंद्याचे भवितव्य ठरवितो.

परत येणाऱ्या मालाचाही असाच विचार करावा लागतो. पाच सुटांपैकी एक माप न बसल्याने परत आला आणि ने-आणीवर १२० रुपये गेले, तर चार सुटांच्या ६०० रुपये नफ्यातून ४८० रुपयेच हाती राहतात. मापांचा अचूक तक्ता हे येथे जाहिरातीपेक्षा अधिक किफायतशीर साधन ठरते.

संमती आणि कायदा

संदेश पाठविण्याचा खर्च शून्याच्या जवळ आला की संदेशांचा पूर येतो. ज्याच्याकडे माहिती विपुल, त्याच्याकडे अवधान दुर्मीळ, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच ओळखले होते. दहा हजार क्रमांकांची यादी विकत घेऊन सर्वांना संदेश पाठविणाऱ्याचा स्वतःचा खर्च अल्प असतो. त्याची किंमत संदेश वाचणारे दहा हजार लोक आपल्या वेळेने मोजतात. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात, आणि बाह्य परिणाम आला की नियमनाची गरज निर्माण होते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अनाहूत व्यापारी संदेशांविषयी २००७, २०१० व २०१८ मध्ये विनियम केले. २०१८ च्या विनियमांनुसार संदेश पाठविणारी संस्था, तिचे शीर्षनाम आणि संदेशाचा नमुना यांची वितरित खातेवही तंत्रज्ञानावर आधारित प्रणालीत नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने प्रचारात्मक, सेवाविषयक, व्यवहारविषयक व शासकीय संदेश ओळखता यावेत यासाठी शीर्षनामापुढे अनुक्रमे पी, एस, टी व जी ही अक्षरे लावण्याची तरतूद केली आणि तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. नको असलेले संदेश थांबविण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, असे हा कायदा सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, ई-वाणिज्य नियम, २०२० आणि ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडणींना मनाई करणारी २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे हीदेखील याच चौकटीत येतात. लहान उद्योजकाला हे सर्व ओझे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ज्या दोनशे ग्राहकांनी आपणहून क्रमांक दिला व नवा माल आल्यावर कळवा असे सांगितले, त्यांची यादी विकत घेतलेल्या दहा हजार क्रमांकांपेक्षा अधिक विक्री देऊ शकते. कायद्याची मागणी आणि धंद्याचे हित येथे एकाच दिशेला आहेत.

मंचावरील अवलंबित्व

मोठे ई-वाणिज्य मंच लहान उत्पादकाला देशभरचा ग्राहक मिळवून देतात, हे निर्विवाद आहे. परंतु तेथे ग्राहकाचा संबंध मंचाशी जुळतो. शिवणाऱ्याचे नाव त्याच्या लक्षात राहत नाही. कोणता माल वर दिसावा हे मंच ठरवितो. सारखे दिसणारे शेकडो सूट शेजारी मांडले गेले की स्पर्धा केवळ किमतीची उरते, आणि किंमत उतरविण्यासाठी पहिली कात्री बहुधा शिलाईच्या मजुरीला लागते. घरी बसून नगावर शिवणाऱ्या स्त्रीच्या उत्पन्नाशी विपणनाच्या पद्धतीचा असा थेट संबंध आहे.

या अवलंबित्वावर उपाय म्हणून सार्वजनिक स्वरूपाच्या व्यवस्था महत्त्वाच्या ठरतात. युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस ही प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली आणि लहान दुकानदारालाही कोणत्याही बँकेच्या ग्राहकाकडून रक्कम स्वीकारता येऊ लागली. ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स ही नफा न मिळविणारी कंपनी ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झाली. खरेदीदार एका ॲपवर व विक्रेता दुसऱ्या ॲपवर असला तरी व्यवहार व्हावा, हे तिचे सूत्र आहे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो.

नाव जपण्याचा आणखी एक मार्ग जबलपूरनेच दाखविला आहे. भेडाघाट परिसरातील संगमरवरावरील कोरीव कामाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे नाव कोणा एका व्यापाऱ्याचे नसते. त्या परिसरातील कारागिरांचे ते सामूहिक धन असते. सलवार सूट व्यवसायाला असे मानांकन मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. परंतु समान मापे, दर्जाची तपासणी आणि एक सामायिक ओळख एवढे तरी उत्पादकांच्या संघटनेला निश्चितच साधता येईल.

समारोप

परीक्षेच्या दृष्टीने या विषयाकडे माहिती तंत्रज्ञान, सूक्ष्म व लघुउद्योग, ग्राहक संरक्षण आणि रोजगार अशा चारही बाजूंनी पाहिले पाहिजे. साधने बदलत राहतील. आज ज्या मंचाचा बोलबाला आहे तो उद्या मागे पडेल. दर्जाविषयी खरी माहिती, ग्राहकाची संमती, जपून ठेवलेली नोंद आणि स्वतःचे नाव या चार गोष्टी मात्र कोणत्याही साधनाबरोबर उपयोगी पडतात. दीक्षितपुऱ्यातील दहा यंत्रांचा मालक या गोष्टी सांभाळू शकला, तर मोबाइल त्याच्यासाठी बाजारपेठेचे दार ठरेल. तसे न झाल्यास देशभर माल पाठवूनही तो दुसऱ्याच्या नावाने शिवणारा कारागीरच राहील. हा फरक कोणत्या धोरणांनी व किती प्रमाणात मिटविता येईल, याचा विचार उद्याच्या प्रशासकांना करावा लागणार आहे.